शेवटचा फर्मा

पडद्यावर नर्सच्या पर्समधून किल्ली खाली पडली, तशी दाक्षायणी खुर्चीतून उठून उभीच राहिली. मागून कोणी तरी "बाई, बसा की" म्हणाल्यावर ती बसली खरी, पण पुढचा पाव तास पडद्यावर काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. खून नर्सनं केला होता. चार वर्षांपूर्वी दाक्षायणीनं चिठ्ठीवर हेच नाव लिहिलं होतं, आणि ते चूक ठरलं होतं.

दुपारचा खेळ सुटल्यावर ती घरी गेली नाही. थेट नवी पेठेत, कापडदुकानाच्या माडीवरच्या गुरुसिद्धप्पांच्या वाचनालयात आली.

या वाचनालयात रहस्यकथा वाचायचा रिवाज वेगळा होता. नवी कादंबरी आली की गुरुसिद्धप्पा तिची शेवटची सोळा पानं, म्हणजे शेवटचा फर्मा, कापून टेबलाच्या खणात ठेवत. उरलेलं पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. मग तो फर्मा टेबलापाशी उभ्यानं वाचायला मिळे. अंदाज बरोबर निघाला की भिंतीवरच्या फळ्यावर नावापुढं एक खूण. गुप्तहेर सबनीसांच्या अठरा कादंबऱ्यांत नागप्पांच्या अठरा खुणा होत्या, दाक्षायणीच्या सतरा. तिची हुकलेली एकच, 'चंदनी कपाट'. चित्रपट आला तो नेमका त्याच कादंबरीवर.

एका खुणेपायी तिनं एवढी धाव घेतली नसती. पण त्याच सकाळी एकोणिसाव्या कादंबरीचं पार्सल आलं होतं, आणि ज्याच्या खुणा जास्त त्याला नवं पुस्तक आधी, असा नियम होता. नागप्पा पुस्तक आठ-आठ दिवस ठेवत. कन्याशाळेतल्या शिक्षिकेनं आठ दिवस गुन्हेगाराचं नाव कानावर पडू न देता राहणं किती अवघड, ते तिलाच ठाऊक.

माडीवर आधीच जुंपली होती. नागप्पा गिरणीत कामगारांवर मुकादमी केलेले निवृत्त जॉबर, काल पहिलाच खेळ पाहून आलेले. सबनीसांनी अठरा पुस्तकांत कधी आवाज चढवला नाही, आणि हितं ते मोटारीच्या टपावर उभं राहून गातात, हे त्यांना सोसलं नव्हतं. खालच्या दुकानातला शरणप्पा म्हणत होता की गाणं झकास आहे, नुसतं गप्प बसून विचार करणारा माणूस बघायला तिकीट कोण काढेल? निम्मी माडी त्याच्या बाजूनं होती.

दाक्षायणीनं गाण्याचा विषयच काढला नाही. माझी अठरावी खूण द्या, एवढंच तिनं गुरुसिद्धप्पांना सांगितलं.

"शिनेमावर खुणा मिळत न्हाईत, बाई," नागप्पा म्हणाले. "पुस्तकात खून दिवाणजीनं केलाय. त्या शिनेमावाल्यांनी नर्सच्या पर्समधी किल्ली घातली. पुस्तकात किल्ली कुटं हाय?"

"आहे, नागप्पामामा. पान एकशेबारा."

"न्हाई. मी वाचलंय."

"मीही वाचलंय की."

नागप्पांना सबनीसांची पानंच्या पानं तोंडपाठ होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुसिद्धप्पांनी कपाटातून 'चंदनी कपाट' काढलं. शरणप्पानं पान एकशेबारा उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. नर्सनं रुमाल काढला तेव्हा तिच्या पर्समध्ये पितळेचं काही तरी किणकिणलं, असं तिथं छापलेलं होतं.

नागप्पांनी चष्मा पुसला, स्वतः वाचलं आणि खाली बसले. दाक्षायणीला क्षणभर त्यांची दया आली. पण क्षणभरच.

तिनं फर्मा मागितला. गुरुसिद्धप्पांनी खणातून तो काढून पुस्तकाशेजारी ठेवला. वर्षानुवर्षं वह्या तपासलेली तिची नजर मजकुराआधी कागदावर गेली. पुस्तकाचं पान पांढरं होतं, फर्म्याचं पिवळं.

"अप्पा," ती म्हणाली, "हा फर्मा या पुस्तकाचा नाही."

गुरुसिद्धप्पांनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं. मग त्यांना आठवलं. पहिली प्रत हातोहाती फिरून चिंध्या झाली, म्हणून त्यांनी पाच वर्षांपूर्वी नवी मागवली. सवयीनं तिचाही शेवटचा फर्मा कापला. पण खणात जुना होताच, आणि उभ्यानंच वाचला गेल्यामुळं एकही पान न फाटता राहिलेला. मग नवा त्यांनी सुतळीनं बांधून माळ्यावर टाकून दिला. पुस्तकाचं पहिलं पान आता त्यांनी प्रथमच नीट वाचलं. दुसरी आवृत्ती, लेखकानं सुधारलेली.

शरणप्पा स्टुलावर चढला. धुळीचा लोट उडाला, कुणी तरी शिंकलं, आणि गठ्ठा खाली आला. नवा फर्मा नागप्पांनी हातात घेतला आणि रिवाजाप्रमाणं उभ्यानं वाचू लागले. सोळावं पान संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"नर्सच हाय," नागप्पा म्हणाले. "मी वाचलेल्या पुस्तकात दिवाणजी, बाईंनी वाचलेल्यात नर्स. खूण द्या त्यास्नी." मग फर्मा परत देत, "पण दिवाणजीच चांगला होता."

"होता," दाक्षायणी म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं.

गुरुसिद्धप्पांनी खडू उचलला. अठरा आणि अठरा. आता पार्सल कुणाला द्यायचं, यावर पुन्हा गलका झाला, तो नागप्पांनीच हात वर करून थांबवला. त्यांचे डोळे आता एका फर्म्यातच पाणावत, आठ दिवस लागत ते त्यामुळंच. बाईंनी मोठ्यानं वाचावं, आपण ऐकू. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खाली जावं.

खाली कोणीच गेलं नाही. उलट दुकानातले दोघे वर येऊन जिन्यावर बसले.

गुरुसिद्धप्पांनी कात्रीनं नव्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा सोडवला, खणात टाकला, आणि या वेळी खणाला कुलूप लावलं. दाक्षायणीनं पहिलं पान उघडलं. छापखान्याचा वास आला. तिसऱ्या पानावर प्रेत सापडलं. पाचव्यावर सबनीस टांग्यातून उतरले, आवाज न चढवता. सातव्या पानाच्या मध्यावर नागप्पांनी अचानक तिला थांबवलं.

"पुरे. कळलं मला."

तिलाही कळलं होतं, त्याच ओळीला. तिनं पुस्तक मिटलं नाही. नुसतं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं टेबलावरच्या दोन कोऱ्या चिठ्ठ्यांतली एक त्यांच्याकडे सरकवली.

"नाव बोलू नका, मामा," ती म्हणाली. "लिहा."