एका खळग्यात सहा अंडी

उदगीरजवळच्या तलावाचं पाणी एप्रिलात उतरलं की पल्याडच्या काठाला गोल गोट्यांचा एक पट्टा उघडा पडतो. तिथं नदी सुरय नावाची पाखरं उघड्यावरच अंडी घालतात. अकरा वर्षं ती पाखरं पाहत आलेल्या शिवकांताबाईंनी हे एकाच माणसाला सांगितलं होतं. मोंढ्यातल्या आडत्याच्या पोराला, श्रीशैलला. दुर्बीण धरायला त्यांनीच शिकवलेला. "अक्का, कुणाला म्हणजे कुणाला सांगत न्हाई," म्हणाला होता तो.

पुढच्याच आठवड्यात अंडी गेली. गोटे विस्कटलेले, कावळे टपलेले, आणि सुरय पाण्यावर ओरडत फिरत होत्या.

"तो भोई, ज्ञानोबा, जाळी वाळवायला हितंच होडी लावतो," श्रीशैल म्हणाला. "त्याचंच काम हाय, अक्का."

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या; त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी मच्छीमार सोसायटीत तक्रार केली आणि ज्ञानोबाला त्या काठाची बंदी झाली. "बाई, म्या तर ढोरंबी तिकडं जाऊ देत न्हवतो," एवढंच तो बोलला. बाईंनी तोंड फिरवलं.

दिवाळीनंतर लातुरात फोटोंचं प्रदर्शन भरलं. पहिलं बक्षीस श्रीशैलला. बाई कौतुकानं पेढे घेऊन गेल्या, आणि फोटोसमोर पुडा हातातच राहिला. गोट्यांतल्या एकाच खळग्यात सहा अंडी, वर पंख पसरलेली सुरय. सुरय घालते दोन, फार तर तीन. शेजारच्या घरट्यातली उचलून एकत्र मांडली होती.

"हात कुणी लावला, श्रीशैल?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "दोन मिनटाचं काम होतं, अक्का. परत ठेवणारच होतो. पण पाखरं खाली बसेनात, ऊन चढलं, अंडी तशीच टाकून मी निघालो."

"आणि ज्ञानोबा?"

"मी नुसतं म्हणालो. तक्रार तुम्ही केलीत."

खोटं त्याचं होतं, पण तक्रारीवर सही बाईंची होती. त्यांनी आयोजकांना सांगून पाहिलं. बक्षीस देऊन झालंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाई तलावाकाठच्या गावी उतरल्या. ज्ञानोबा जाळं शिवत होता.

"माझी चूक झाली. सोसायटीत लेखी देते."

"द्या की." त्यानं वर पाहिलं नाही. "पर सहा म्हैने लोक मला अंडीचोर म्हणत ऱ्हायले, बाई. त्ये कसं लिवताल?"

तिथंच होडीच्या काठावर कागद ठेवून बाईंनी अर्ज लिहिला, आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

बंदी उठली. श्रीशैलचे फोन येत राहिले, त्यांनी एकही उचलला नाही. एप्रिलात पट्टा पुन्हा उघडा पडला, पण सुरय तिथं आल्या नाहीत. दुसऱ्या कुठल्या काठाला उतरल्या असतील. ज्ञानोबाला ठाऊक असावं. बाईंनी विचारलं नाही.