एकवीस गजांची जाळी

“आता सांग बाई, शून्य कुठं घालू?”

तातेराव पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून तयार उभे होते. समोर भिंतीला टेकवलेली खिडकीची नवी जाळी. सात त्रिकोण, कोपऱ्याला कोपरा जोडत गोल फिरवलेले. एकवीस गज, चौदा सांधे. लेकीचा शोध त्यांनी लोखंडात उतरवला होता, आणि प्रत्येक सांध्यावर तिचा आकडा रंगवून ती घराच्या दर्शनी खिडकीला बसवायची होती.

“दहा मिनिटं द्या, पप्पा,” म्हणून सुमेधा वही घेऊन बसली. त्याला आता दोन तास झाले होते.

कुंभार पिंपळगावात बाजाराच्या रस्त्याला तातेरावांचं वेल्डिंगचं दुकान. लेक जालन्याला कॉलेजात, गणिताच्या शेवटच्या वर्षाला. मागच्या उन्हाळ्यात सात आठवडे एका मोठ्या संस्थेत जाऊन ती संशोधन म्हणजे काय ते बघून आली, आणि परतल्यावर कॉलेजातल्या गिराम सरांच्या मागे लागून तिने त्यांच्याबरोबर सहा पानांचा निबंध लिहिला. त्यातली गोष्ट सांगायला सोपी होती. आकृतीच्या प्रत्येक सांध्याला शून्यापासून गजांच्या संख्येपर्यंतचा एकेक वेगळा आकडा द्यायचा, पण असा, की प्रत्येक गजाच्या दोन टोकांची वजाबाकी वेगळी यावी. एकवीस गज असतील तर एक ते एकवीस, सगळ्या वजाबाक्या एकेकदा. त्रिकोणांच्या साखळीला दोन्ही टोकांना सुटे गज असले तर आकडे बसतात, हे जुनंच होतं. सुटे गज काढून साखळी गोल मिटवली तरी बसतात, हे सुमेधाचं. चार त्रिकोणांचे बसले, पाचांचे बसले, आणि पाचव्या पानावर तिने लिहून टाकलं, ‘याच रीतीने पुढे’.

त्या निबंधावर तिची उद्या अकरा वाजता संशोधनाच्या प्रवेशासाठी मुलाखत होती, ऑनलाइन. निवड झाली तर पाच वर्षं विद्यावेतन आणि जन्मभर गणित. नाही झाली तर मामाने आणलेलं स्थळ. आईने, प्रभावतीबाईने, भावाला तसा शब्दच देऊन ठेवला होता. मागल्या वर्षी एक स्थळ हुकलं होतं आणि आणखी थांबायला घरात कोणी राजी नव्हतं.

आकडे बसेनात. मग तिने बसवणं सोडलं आणि नुसती बेरीज केली. कुठल्याही त्रिकोणात सर्वात मोठी वजाबाकी म्हणजे उरलेल्या दोन्हींची बेरीज, म्हणून तिन्ही मिळून नेहमी सम. सात त्रिकोणांचं मिळूनही समच. आणि एक ते एकवीसची बेरीज दोनशे एकतीस. विषम. तिने ती पुन्हा पुन्हा केली, पण बेरजेला काही कुणाची दया येत नाही. आकडे बसणं शक्यच नव्हतं. आठवीतल्या मुलीने सांगावं इतकं ते उघड होतं आणि वर्षभर तिला दिसलं नव्हतं.

“पप्पा, तुम्ही साखळी गोल का मिटवली?”

“मोकळं टोक ठेवत न्हाईत बाई जाळीला. येता-जाता लागतं मान्साला. आन सात खिडकीत बराबर बसले.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला. “का गं? काय झालं?”

ती बाहेर गेली आणि तिने सरांना फोन लावला. गिराम सर तासिका तत्त्वावर शिकवत. नऊ वर्षं झाली होती, नोकरी अजून कायम नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सुमेधा, वीस मिन्टाच्या मुलाखतीत पाचवं पान कोन उघडून बघतंय?” ते म्हणाले. “चारचं सांग, पाचचं सांग, बिलकुल घाबरू नको. माझ्या फायलीत बी तेवढा एकच पेपर हाय, बाई.”

“चूक आहे, सर.”

“चूक हाय ते मला कळून राह्यलंय!” सर ओरडले आणि लगेच खालच्या आवाजात म्हणाले, “एकदा आत जाय. मंग दुरुस्त करू.”

तिने फोन ठेवला. आत कटर सुरू झाल्याचा आवाज आला तशी ती धावली. तातेराव जाळी आडवी पाडून एका गजावर वाकले होते.

“एक गज काढला तर बसतेत ना आकडे? काढतो. मी तुला न इचारता केली, माझंच चुकलं.”

“बंद करा, पप्पा! तुमचं बरोबर आहे. माझं चुकलंय.”

कटर थांबला. तातेरावांना गणित कळलं नाही, पण काय बुडालं ते बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी आवाज नको म्हणून त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि धुतलेला शर्ट घालून ओसरीत बसून राहिले. आत पडद्यावर तिघे होते. मधल्या बाईंनी विचारलं, “तुमच्या कामाबद्दल सांगा.”

“माझं प्रमेय चुकीचं आहे,” सुमेधा म्हणाली. सात त्रिकोणांची आकृती काढून तिने दोनशे एकतीसपर्यंत सगळं समजावलं.

“हे प्रतिउदाहरण कुणी शोधलं?”

“तातेराव भिवाजी साळवे. माझे वडील. ते वेल्डिंग करतात.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणखी एक-दोन प्रश्न झाले. दुसरं काही स्वतंत्र काम? नाही. मग धन्यवाद. वीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत संपली, आणि ती का संपली हे तिला निवडीची यादी लागायच्या आधीच समजलं.

ती बाहेर आली तेव्हा तातेराव उठून उभे राहिले.

“इतक्या जल्दी?”

“हो.”

“इचारलं का त्ये?”

“विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.”

“माझं?” ते दचकले. “तेवढ्या मोठ्या मान्सांत?”

“पूर्ण नाव सांगितलं.”

तातेराव शर्टाच्या बाह्या वर सारून दुकानात गेले आणि जाळी उचलून घेऊन आले. आकड्यांशिवाय, तशीच. खिडकीला लावून त्यांनी ड्रिल हातात घेतलं. सुमेधाने न सांगता पुढे होऊन दोन्ही तळहातांनी जाळी भिंतीशी दाबून धरली.

“हलू देऊ नको,” ते म्हणाले.

“नाही हलू देत.”