खालच्या ओळीतले उंदीर

"वैजनाथकाका, खालच्या ओळीतले उंदीर एवढे धीट कसे झाले हो?"

मृण्मयीने वही पुढे केली. औषधनिर्माण कॉलेजच्या प्राणिगृहात बावीस वर्षं पिंजरे धुणाऱ्या वैजनाथला एवढे आकडे समजत होते. तरी तो नुसतं "व्हय" म्हणाला. साहेब रागावले तरी तो व्हय म्हणायचा आणि सुट्टी नाकारली तरीही. असा माणूस कुणाला नको असतो?

मृण्मयी पीएच.डी. करत होती. चोवीस पांढऱ्या उंदरांना दोन महिने डालडा-साखरेचं खाणं देऊन सोकावून ठेवायचं आणि मग एकदम सहा आठवडे साध्या कोरड्या खाद्यावर आणायचं, असा तिचा प्रयोग होता. खाण्याची अशी ओढाताण झाली की उंदीर भेदरतात, उघड्या फळीवर सोडले तर आडोसा सोडत नाहीत. मग वरच्या ओळीतल्या बारा जणांना कॅनाबिडिऑलचे थेंब द्यायचे, खालच्या बारा जणांना नुसतं तेल. थेंबांनी भीती कमी होते का ते बघायचं.

हे औषध भांगेच्या झाडातून काढतात म्हटल्यावर वैजनाथने विचारलं होतं, "म्हंजी उंदरं आता चिलीम वढणार का काय, ताई?" ती खळखळून हसली होती. याने नशा चढत नाही, म्हणाली. दोन दिवसांनी त्याने हळूच दुसरं विचारलं. "माणसाला चालतं का हे? जेवायला भेणाऱ्या माणसाला?"

"अजून कुणालाच नक्की माहीत नाही, काका. म्हणून तर ही सगळी उठाठेव."

तेव्हापासून त्या प्रयोगाच्या निकालाकडे मृण्मयीइतकेच वैजनाथचेही डोळे लागले होते. घरी त्याची एकोणीस वर्षांची लेक संस्कृती होती.

आधी तिने वजन कमी करायचं म्हणून गोड-तळलेलं सोडलं, मग भात, मग भाकरी. आता ताट पुढे आलं की तिला घाम फुटायचा. आई, लीलाबाई, रडून घर डोक्यावर घेईल म्हणून ती रोज सकाळी आपल्या वाटची ज्वारीची भाकरी फडक्यात गुंडाळून बापाच्या डब्यात सारायची. "पप्पा, आईला नका ना सांगू." वैजनाथ मान हलवायचा आणि डबा उचलून निघायचा. लेक सुकत चालली होती, ते त्याला दिसत होतं. दिसायचं, पण पोचायचं नाही. दात काढताना गाल बधिर करतात, तसं त्याचं आतून झालं होतं.

"थेंब घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही सारखेच धीट," मृण्मयी म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही. तसंच लिहावं लागणार."

वैजनाथ पाण्याची बाटली हातात धरून उभा राहिला. बोललं तर नोकरी जाणार आणि घरचं झाकलेलं उघडं पडणार. नाही बोललं तर एक खोटी गोष्ट खरी म्हणून छापली जाणार, आणि संस्कृतीसारख्या कुणाच्या तरी वाटचं औषध त्याच्या हाताने बाद होणार.

"तसं लिहू नका, ताई," तो म्हणाला. "औषधाचा कसूर नाय. खालच्यायला मी भाकर घातली. रोज."

"काय?"

"बाहेर ऊन लई. मी इथंच फरशीवर बसून जेवतो. खालचे जवळ पडतात. एक भाकर जास्तीची असायची. अन्न हाय, टाकवत नाय."

"सहा आठवडे, काका! इथं खाणं हाच तर प्रयोग होता! भाकरी मिळत होती तर ते भेदरणार कसे?" मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याला माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुपारपर्यंत मृण्मयीच्या मार्गदर्शक सरांचा निर्णय झाला. खालची ओळ बाद. बाद झालेले प्राणी ठेवत नाहीत, आणि ते काम वैजनाथचंच. त्याने बाराही उंदीर पेटीत ठेवले. ते न घाबरता हातावर आले, बोटं हुंगत राहिले. झाकण लावून त्याने गॅस सोडला आणि घड्याळात पाहत उभा राहिला.

मग ऑफिसात लेखी खुलासा. भाकरी कुठून आणली, तेही लिहा, असं बाबूने बजावलं. वैजनाथने लिहिलं, 'माझी मुलगी जेवत नाही. तिची भाकरी मी उंदरांना दिली.' वर्षभरात हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा वाचलं ते बाबूने, तेही आवक क्रमांक टाकण्यापुरतं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं सांगून त्याने कागद फाइलला लावला.

कामावर यायचं नाही, हे वैजनाथने घरी सांगितलं नाही. सकाळी लीलाबाईने नेहमीसारखा डबा भरला आणि ती मागे कपडे धुवायला गेली. संस्कृती फडकं घेऊन आली. वैजनाथने डब्यावर हात ठेवला.

"आज नाय, बाई."

"पप्पा, आई बघंल."

"बघू दे."

"रडंल ती."

"रडू दे. मी बी हाय इथंच." मग त्याने मागे वळून हाक मारली, "अगं, जरा इकडं ये."

संस्कृतीने त्याचं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं गार होती, आणि किती काटकुळी झाली होती, ते वैजनाथला आत्ता कळलं.

लीलाबाई ओले हात पदराला पुसत आली. वैजनाथने फडक्याची गाठ सोडून भाकरी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "ही तिची. वरीस झालं. मला ठावं होतं."

लीलाबाईने भाकरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग लेकीकडे. ती रडली नाही. लेकीला चिकटून खाली बसली.