खांद्यावरच्या रेघा

पोलादवीराच्या खांद्यावरची सावली — भिंगाखाली ती सावली राहिलीच नव्हती, नुसत्या रेघा होत्या, बारीक, एकमेकींना न शिवणाऱ्या, आणि सगळ्या डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या. चाकणच्या कंपनीत योगिनी अशाच भिंगातून धातूवरचे ओरखडे तपासायची; ओरखड्याच्या कलावरून हत्यार कुठून फिरलं ते कळतं. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, आणि समोर 'पोलादवीर' या चित्रकथा-मासिकाची बाबांची सुरुवातीची मुखपृष्ठं. रविवारी चिंचवडला त्यांचं प्रदर्शन. चित्रांखालच्या ओळी तिनं लिहायच्या होत्या. मुखपृष्ठ : ज्योतीराम... एवढंच तर लिहायचं.

पण उजव्या हाताची रेघ अशी उतरत नाही. आणि बाबा उजवे.

"बाबा, या रेघा उलट्या कशा?"

"कागद फिरवायचो गं." ज्योतीराम हसले. "काय बघायलीस एवढं? कंपनीतला रिजेक्ट माल समजायलीस का मला?"

शक्य होतं. कागद फिरवला की कल बदलतो — पण मग एखादी तरी रेघ चुकार निघावी. इथे एकही नाही... आणि ते हसणं जरा लवकरच आलं, प्रश्न पुरता संपायच्या आधी. ज्या हाताचं कौतुक सांगत ती शाळाभर मिरवली, त्याच हातावर आता, स्वतःच्या घरात, ती पाळत ठेवून होती.

आतल्या खोलीत आई ब्लाउजचं कापड बेतत होती. रांगोळी उजव्या हातानं, प्रसाद उजव्या हातानं, सासूनं वळण लावलं तसं; खडू मात्र डाव्या हातात. खांद्याची रेघ एका झटक्यात उतरली — डावीकडून उजवीकडे.

"आई, तो पोलादवीर..."

"सही त्यांचीच आहे ना?" विजयश्रीनं मान वर केली नाही. "मग? चहा निवतोय तुझा."

म्हणजे प्रश्न हिला आधीच ठाऊक होता. कधीपासून वाट बघत होती ही त्याची? मग लपवलं कुणी — ज्यानं सही केली त्यानं, की जिनं करू दिली तिनं?

ती परत टेबलाशी आली. मुखपृष्ठं छापल्याच्या क्रमानं मांडली. कल कुठे बदलतो तेवढं बघायचं, बाकी मनाचे खेळ. ऑगस्टच्या अंकापर्यंत रेघा तशाच. सप्टेंबरला अंकच निघालेला नाही. ऑक्टोबरपासून कल फिरलेला, रेघ जाड, खांदा जरासा लाकडी. मध्ये काय झालं असेल — आजारपण, भांडण, दोघांतच ठरलेलं काही — एकेक शक्यता ती खोडत गेली, आणि खोडता खोडता थांबली.

त्याच सप्टेंबरात मी जन्मले.

भिंग तिनं पालथं घातलं. 'मुखपृष्ठ' या शब्दापुढची जागा कोरीच होती. आत कापडावर खडू ओढल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला... आणि पेन तसंच हातात धरून, पकडल्या गेलेल्या माणसासारखी, ती तो ऐकत बसली.