साहेबांच्या काखेतला लॅपटॉप

"बायकोचं नाव टाकलं तर म्हणतंय, पासवर्ड कमकुवत आहे. कमकुवत! एकदा घरी येऊन बघ म्हणावं."

हे हिशेबनीस काका. ते मशीनशी बोलतात आणि माणसांशी गप्प असतात. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला इतकं खेटून आहे, की त्यांचा सुस्कारा माझ्या चहावर येतो.

"काका, नुसतं नाव नको. एखादं अख्खं वाक्य टाका, तुम्हालाच आठवेल असं."

"घरात वाक्यं तिच्याकडे असतात, कुलूपबाई. माझ्या वाट्याला हुंकार."

कुलूपबाई म्हणजे मी. या ऑफिसातल्या प्रत्येक लॅपटॉपची राखण माझ्याकडे. एका मोठ्या रुग्णालयाचं सगळं कागदोपत्री काम आम्ही करतो. कोणाची दारू सुटत नाही, कोणाला मूल होत नाही, कोणी झोपेच्या गोळ्या खाऊन दाखल झालं आणि घरी मात्र अपचन सांगितलं, हे सगळं आमच्या मशीनमध्ये असतं. म्हणून लॅपटॉप टेबलाला तारेने बांधायचा, आतल्या डिस्कला कुलूप घालायचं आणि पाणी प्यायला उठलं तरी पडदा बंद करूनच उठायचं. डिस्कला कुलूप असलं की चोराच्या हाती नुसता डबा लागतो, आतलं काही लागत नाही.

पडदा उघडा टाकून कोणी उठलं, तर त्याला आमच्याकडे एकच शिक्षा. ज्याला तो लॅपटॉप उघडा दिसेल, त्याने त्यावरूनच सगळ्यांना निरोप पाठवायचा: 'उद्या सगळ्यांना माझ्याकडून केक.' दुसऱ्या दिवशी त्या माणसाने केक आणायचा आणि कापण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मगच सुरी हातात. काकांनी एका वर्षात इतके केक आणले, की बेकरीवाला त्यांना लग्नाला बोलावतो.

ही पद्धत साहेबांनी सुरू केली. का केली, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या या खुर्चीवर माझी धाकटी बहीण बसायची. साहेबांना डिस्कच्या कुलपाचा जाच व्हायचा. सकाळी मशीन चालू करताना पासवर्ड दोनदा का टाकायचा, म्हणून त्यांनी तिच्याकडून स्वतःचं कुलूप काढून घेतलं. ती म्हणाली, साहेब, नको. ते म्हणाले, मालक कोण आहे? एका दुपारी ते लॅपटॉप घेऊन गाडीने बाहेर पडले. गेले तेव्हा डोकं पांढरं होतं आणि लॅपटॉप काखेत. आले तेव्हा डोकं काळंभोर आणि काख रिकामी. केस रंगवून होईपर्यंत लॅपटॉप गाडीच्या मागच्या सीटवर पडून होता, आणि काच फोडायला चोराला कितीसा वेळ लागतो? अख्ख्या ऑफिसने त्यांना दारातून आत येताना पाहिलं. त्या दिवसापासून इथे कोणी साहेबांच्या केसांबद्दल चांगलं-वाईट अवाक्षर काढलेलं नाही.

रुग्णालयातून तपासणी आली, तेव्हा साहेबांनी धाकटीला बाजूला घेतलं. "तू म्हण, तू घरी नेला होतास. नवीन मुलगी आहेस, रागावतील आणि सोडून देतील. माझ्यावर आलं तर ऑफिसच बंद पडेल, सगळ्यांच्या चुली विझतील." ती भोळी. हो म्हणाली. महिना उलटायच्या आत तिला काढलं. वर जिथे जिथे ती कामाला अर्ज करी, तिथून साहेबांना फोन जाई आणि साहेब दुःखी आवाजात सांगत, "मुलगी चांगली आहे हो, पण रुग्णांची माहिती हरवली तिने."

झालं. दोन वर्षं ती घरी आहे. आता बाहेर निघताना जिन्यातून परत येऊन कडी ओढून बघते, पुन्हा उतरते, पुन्हा येते. झोपताना पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळते. घरातल्या घरात!

मी डूख धरला. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, साहेबांनी मला कधी पाहिलेलं नाही. वर्षभराने तिच्या जागेसाठी पुन्हा जाहिरात आली, तेव्हा मी धाकटीला म्हटलं, "शिकव मला." जेवणाच्या टेबलावर तिनेच मला सगळं शिकवलं, चुकलं की हातावर चमचा मारून. लहानपणी मी तिला पाढे शिकवताना मारायचे, ते तिने व्याजासकट वसूल केलं.

"पण ताई, तिथे जाऊन तू करणार काय?"

"त्याने तुला गुन्हेगार म्हणून उभं केलं ना? मी त्याला उभा करणार. त्याच लोकांसमोर."

"सूड घ्यायला चालली आहेस की पगार घ्यायला?"

"दोन्ही. पगार थोडा कमी आहे."

पण साहेब सापडेनात. एकदा पोळलेले असल्यामुळे आता ते लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा काखेत घेऊन फिरत. जेवायला काखेत, मोरीत काखेत. शिंक आली तरी एका हाताने. बाकीच्यांचे केक मी खात राहिले आणि दात-ओठही. रोज सकाळी त्यांना 'सुप्रभात साहेब' म्हणताना मी मनात त्यांच्या केसांच्या मुळाशी उगवलेली पांढरी रेघ मोजायचे. तेवढाच विरंगुळा.

शेवटी मीच हात-पाय हलवायचं ठरवलं. रुग्णालयाच्या तपासनीस बाई वर्षातून एकदा येतात. त्या उद्या येणार होत्या, म्हणजे केक उद्याच कापला जायला हवा होता. साहेबांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. बायकोकडे बघत नसतील इतकं तिच्याकडे बघायचे. दुपारी ते केबिनमध्ये टाइप करत असताना मी दारातून डोकावले.

"साहेब, खाली कोणीतरी तुमच्या गाडीला हातगाडी टेकवून उभं आहे. ओरखडा गेला वाटतं."

ते असे धावले, की चप्पल दारात राहिली. लॅपटॉप टेबलावर, पडदा लख्ख उघडा.

खाली हातगाडी खरंच होती का? होती. ओरखड्याचं मी 'वाटतं' म्हटलं होतं.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. गरम होती, किळस आली. तार बांधलेली नाही, आणि सेटिंग उघडून बघताच कळलं, या मशीनच्या डिस्कला आजही कुलूप नव्हतं. मी लावलेलं त्यांनी माझ्या पाठीमागे काढून टाकलं होतं. एवढं सगळं होऊन!

पडद्यावर रुग्णांची फाईल उघडीच होती. सगळ्यांची. आणि माझ्या मनात केक राहिला बाजूला, दुसरंच आलं. ही फाईल बाहेर पाठवली, त्यांच्याच नावाने, त्यांच्याच मशीनवरून, तर? कुठल्याही वर्तमानपत्राला. उद्या साहेब राहणार नाहीत, ऑफिस राहणार नाही, नवी गाडीसुद्धा राहणार नाही. मी पत्ता टाइपसुद्धा केला. फाईल जोडली. बोट कळीवर ठेवलं.

ठेवलं, आणि सर्वांत वरचं नाव वाचलं. कोण बाई होती कोण जाणे. वय धाकटीएवढं. पुढे लिहिलं होतं: 'घरच्यांना कळवू नये ही विनंती.'

मी बोट उचललं. माझ्या बहिणीचं नाव धुवायला मी या बाईचं नाव चव्हाट्यावर टांगणार होते. मग साहेबांत आणि माझ्यात फरक एवढाच उरला असता, की माझे केस पांढरे आहेत. मी सगळं खोडलं, फाईल बंद केली, आणि रिवाजाप्रमाणे एवढंच लिहिलं: 'उद्या सगळ्यांना माझ्याकडून केक.' पाठवलं. बाहेर टेबलाटेबलांवर निरोप पोचल्याचा आवाज झाला आणि काका चक्क मोठ्याने म्हणाले, "अरे देवा, साहेब?"

मान वर केली तर दारात मॅडम.

मॅडम म्हणजे साहेबांच्या बायको. कोपऱ्यातल्या खोलीत बसून पगार करतात, डबाही एकट्याच खातात. वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोलल्या असतील. त्या कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे.

"तुमच्या आधी इथे होती ती मुलगी तुमची कोण?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं खरं. "बहीण."

"वाटलंच. नाक तेच आहे." त्या आत आल्या आणि त्यांनी हलकेच लॅपटॉप मिटला. "आधी वेगळंच काहीतरी पाठवत होतात."

"हो."

"मग?"

"त्या लोकांनी माझं काय वाईट केलंय?"

मॅडम खिडकीशी गेल्या. खाली साहेब गाडीभोवती वाकून वाकून प्रदक्षिणा घालत होते. "माझ्याही मनात येतं कधी कधी," त्या म्हणाल्या. जाताना दारातली ती चप्पल त्यांनी पायाने सरळ करून ठेवली.

संध्याकाळी घरी सांगितलं तर धाकटीचा चेहराच उतरला. "ताई, उद्या तो मुकाट्याने 'माझी चूक झाली' म्हणेल आणि केक कापेल. माझं काय होणार त्यात?"

"तो उभा राहिला की मी विचारणार आहे. सगळ्यांदेखत. याआधीचा लॅपटॉप कोणी हरवला, ते सांगा म्हणणार आहे."

"तुझी नोकरी?"

"गेली तर दोघी मिळून कडी ओढून बघू. घर पक्कं बंद राहील."

ती हसली नाही. पण त्या रात्री पर्सचा पट्टा तिने माझ्या मनगटाला बांधला.

दुसऱ्या दिवशी केक आला. मोठा, दोन थरांचा, वर चेरी. साहेबांना चूक करतानाही थाट लागतो. तपासनीस बाई खुर्चीत बसल्या होत्या, हातात कागदी ताटली. चष्म्याआडून सगळीकडे बघत होत्या. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. मॅडमसुद्धा आल्या होत्या, त्या कधी येत नाहीत.

साहेब उभे राहिले. लॅपटॉप काखेत होताच.

"तर मंडळी," ते हसत म्हणाले, "काल आमची परीक्षा झाली. कोणीतरी आम्हाला खाली पळवलं आणि आम्ही पळालो. आमच्या कुलूपबाई भलत्या हुशार!" सगळे हसले. मीही दात दाखवले. "बाई, बघा, आमच्याकडे शिस्त इतकी कडक, की मालकालाही सूट नाही." मग ते तपासनीस बाईंकडे वळले आणि त्यांनी तो दुःखी आवाज काढला. फोनवर काढायचे तोच. "आणि शिस्त हवीच हो. मागे तुम्हाला आठवत असेल, आमची एक मुलगी लॅपटॉप घरी घेऊन गेली आणि हरवून बसली. माझा लॅपटॉप निदान ऑफिसात उघडा राहिला. तिने तर अख्खे रुग्णच हरवले!"

तपासनीस बाईंनी मान हलवली. "आठवतं ना. काय निष्काळजी मुलगी."

आता माझी पाळी होती. वर्षभर पाठ केलेलं वाक्य होतं. तोंड उघडलं आणि वाक्याऐवजी डोळ्यांतून पाणी आलं. रागाने रडू येतं, हा माझा जन्माचा दोष. काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी जोड्यांकडे बघितलं. सगळेच आपापल्या जोड्यांकडे बघत होते. साहेबांनी सुरी उचलली.

"थांबा," कोणीतरी म्हणालं.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी हातातली ताटली टेबलावर ठेवली.

"अहो, कापण्याआधी सांगायचं असतं. नियम तुमचाच आहे."

"सांगितलं की आत्ता," साहेब हसले. "चल, बस तू."

"कालचं सांगितलंत." त्या तपासनीस बाईंकडे वळल्या. आवाज बारीक होता, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता. "बाई, तो लॅपटॉप त्या मुलीने घरी नेलाच नव्हता. तो ह्यांनी हरवला, ह्यांच्या गाडीतून. आणि हे इथे प्रत्येकाला माहीत आहे, मलासुद्धा."