चुन्याचा दगड

दौंडच्या पूर्वेला, धरणाच्या फुगवट्याकाठी एक जुना घाट आहे. गाव पाण्यात गेलं. उंचावरचं देऊळ, त्याची दीपमाळ आणि पुढच्या काळ्या पायऱ्या तेवढ्या उरल्या. होड्या आता तिथंच लागतात. इथं होडी चालवत आलेल्या ज्ञानूआबांच्या वडिलांनी आधी मेंढरं पार नेली, मग माणसं. धनगराचे नावाडी कधी झाले, ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

उद्या शाळेची मुलं घाट बघायला येणार होती. घाट कसा लखलखला पाहिजे, म्हणून आबांनी सकाळपासून खपून सगळ्या पायऱ्यांना चुना फासला. चारच्या सुमारास हात धुता धुता त्यांनी मागं वळून पाहिलं, तर सगळा घाट एकसारखा पांढरा झाला होता.

त्या काळ्या पायऱ्यांत एकच दगड पांढरा ठेवलेला असायचा. परत येताना तो दगड आणि मागची दीपमाळ एका रेषेत धरायची, म्हणजे होडी बुडालेल्या वेशीच्या दोन बुरुजांमधून नेमकी आत येते. पावसाळ्यात बुरूज खोल असतात. आता चैत्रात ते जेमतेम वीतभर पाण्याखाली होते. आबांना ती वाट डोळे मिटून सापडायची, म्हणून तर चुना फासताना दगड आठवला नाही.

पण सून सुषमा दगड बघूनच होडी आणायची. होडी हाती घेऊन तिला दोन महिनेच झाले होते. पलीकडं कांदा काढायला गेलेल्या नऊ बायका घेऊन ती परत निघाली होती, आणि वारा सुटला होता. आबांनी तीनदा फोन लावला. इंजिनाच्या आवाजात तो तिला कुठला ऐकू येणार?

आबांच्या पत्नी वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. "तोंडालाबी चुना लावलाय का?"

"दगडाची खूणच पुसली गं मी," आबा म्हणाले.

वच्छलाबाईंनी पाण्याकडं पाहिलं. होडी तळहाताएवढी दिसत होती. चहा खाली ठेवून त्या देवळाच्या ओट्यावरची आबांची काळी घोंगडी घेऊन आल्या. आबांनी ती त्या दगडावर पसरली, पण वारा कोपरे उचलून फेकू लागला. शेवटी आबा स्वतःच घोंगडीवर पालथे पडले. आता त्यांना पाणी दिसेना.

"सांग गं."

"डावीकडं चाललीया."

आबांनी दगड गच्च धरला.

"आजून डावीकडंच. बुरुजाकडं." मग इंजिनाचा आवाज थांबला. आबांना स्वतःच्या छातीचे ठोके दगडात ऐकू येऊ लागले.

"सांग की."

"उभी ऱ्हाऊन बघतीया."

बऱ्याच वेळानं इंजिन पुन्हा धडधडलं. वच्छलाबाई खालच्या पायरीवर बसल्या, तेव्हा आबांनी श्वास सोडला.

होडी पायरीला लागली. बायका उतरल्या. सुषमा दोर बांधून वर आली.

"मामा, दगड दिसंना, तवा इंजिनच बंद केलं. मग काळं दिसलं. म्हटलं, आपल्या घोंगडीबिगर एवढं काळं काय असणार?"

आबा उठून बसले. "उद्या पोरांना काय सांगू?"

"जे झालं ते सांगा," सुषमा म्हणाली.

आबांनी खुरपं मागून घेतलं आणि घोंगडीखालचा दगड तेवढा सोडून वरच्या पायरीपासून चुना खरवडायला बसले.