आडोशामागचा फासा

"डावीकडं गेलो असतो तर कोन भेटला असता?" कमलाकरांनी विचारलं.

"ते कसं सांगू, पप्पा? तुम्ही उजवीकडे गेलात ना," समीक्षा म्हणाली आणि तिनं पुठ्ठ्याच्या आडोशामागं मान घातली.

"हाच लंगडा म्हातारा. कंदीलवाला. डावीकडं बी हाच भेटला असता."

समीक्षाचे कॉलेजपासूनचे मित्र, हृतिक आणि ऋचा, एकदम चिवड्याच्या ताटलीत काहीतरी शोधायला लागले. कमलाकरांनी तेही टिपलं.

पनवेलच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी हा खेळ रंगायचा. समीक्षा गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि पुढं काय करायचं ते आपापलं ठरवायचं. हृतिक तलवारबाज होता, ऋचा वैदू, आणि कमलाकर झाले होते करंजा बंदरातले दाजी तांडेल, होडीचे मालक. मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वार लागला की हुकला, ते फाशाचा आकडा सांगणार; मोठा आला की लागला, लहान आला की हुकला. शत्रूचा फासा मात्र समीक्षा आडोशामागं टाकायची आणि आकडा तोंडी सांगायची.

आता ज्या माणसानं अर्धं आयुष्य ट्रकच्या वजनकाट्यावर काढलं, त्याला असला तोंडी आकडा पचायचा कसा? काट्यावर आकडे दाखवणारा डबा कमलाकर कायम ड्रायव्हरच्या बाजूला वळवून ठेवत. "तू बी बघ, मी बी बघतो," म्हणत. रिकामी गाडी तोलताना वजन फुगवायला केबिनमध्ये क्लीनर दडून बसलाय, हे त्यांना नुसत्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून कळायचं. संशय हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता म्हणा ना.

दिवाळीत त्यांच्या छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, आणि तेव्हापासून ते घरी होते. घरात त्यांना सारखं विचारलं जाई. दुधी की पडवळ? फेरी सकाळी की संध्याकाळी? विचारायचे सगळे प्रेमानंच, पण दुधी नको, पडवळही नको, सुकट करा, असं म्हणायची सोय नव्हती. काट्यावर कधी जायचं, एवढंच कोणी विचारत नव्हतं. त्यांनी विषय काढला की नीताबाई म्हणायच्या, "तुमची जागा तुमचीच हाय. आदी बरं व्हा, मंग तुमीच ठरवा." बायकोचं हे वाक्य त्यांना पाठ केल्यासारखं वाटायचं. त्यांना परत जायचं होतं. पण जायचं की नाही ते आपण ठरवावं, ही ओढ त्याहून मोठी होती.

गोष्टीत पुढं खाडीला परत दोन फाटे फुटले.

"आता कुठे?" समीक्षानं विचारलं.

"कुटंच नाय. होडी हितंच बांधतो आन् बिडी वडत बसतो."

समीक्षा गडबडली. "बरं. तर... तुम्ही बसलेले असताना काठावर एक कंदील दिसतो."

"लंगडतोय काय?"

हृतिकला हसू आवरेना. कमलाकर हसले नाहीत.

कंदिलापाठोपाठ मगर आली. तिनं हृतिकचा पाय धरून त्याला पाण्यात ओढलं, ऋचाला शेपटीनं काठावर भिरकावलं आणि ती तांडेलावर झेपावली. आडोशामागं फासा खुळखुळला.

"तीन! हुकली, पप्पा."

कमलाकर उठले आणि त्यांनी पुठ्ठा उचलला. फाशावर एकोणीस होते.

ऋचा म्हणाली, "काका, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आम्हाला. काही झालं तरी तांडेल मरता कामा नये."

कमलाकरांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. इतके रविवार ते मिशीला पीळ देऊन लढत होते आणि ही पोरं त्यांना सांभाळून घेत होती. मग कधीचा दाबून ठेवलेला दुसरा संशयही वर आला.

"काट्यावर कोन बसतंय आता, समी?"

स्वयंपाकघरातला नीताबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"नवीन माणूस घेतलाय त्यांनी," समीक्षा खाली बघत म्हणाली. "संक्रांतीला मीच मालकांना फोन केला होता. पप्पा आता येणार नाहीत, असं सांगितलं. तिथली धूळ, ती जागरणं... मला भीती वाटली, पप्पा. अजून वाटते."

कमलाकर पुन्हा खुर्चीत बसले. पुठ्ठा त्यांनी घडी करून बाजूला ठेवला.

"एकोनीस आलं तर काय होतं?"

"जाऊ दे ना. परत टाकते."

"काट्यावर आलं ते आलं. सांग."

"मगर तुम्हाला पाण्यात ओढते." समीक्षा फाशाकडं बघत म्हणाली, "तुम्ही सुटायची धडपड करू शकता. नाहीतर हृतिकला होडीत ढकलू शकता. दोन्ही नाही जमणार."

"हे खरं हाय ना? का दोनीकडं तोच म्हातारा?"

"खरं आहे."

कमलाकर बराच वेळ विचार करत राहिले. कोणी त्यांना घाई केली नाही, कोणी सुचवलंही नाही.

"पोराला ढकलतो होडीत."

"हृतिक वाचला," समीक्षा म्हणाली. मग ती फासे गोळा करायला लागली.

"बोल, बोल."

"तांडेल बुडाला." आणि तिला रडू फुटलं.

"पोरगा वाचला ना? मंग झालं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हृतिक उगाच अवघडून आपले पाय जवळ घेत होता.

समीक्षानं डोळे पुसले. "मी मालकांना सांगते, पप्पा. माझी चूक झाली म्हणून. तुम्हाला जायचं असेल तर जा."

कमलाकरांनी छातीवरून एकदा हात फिरवला. दरवाजात नीताबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं.

"फोन लावून दे. मीच बोलतो."

रिंग वाजायला लागली तसे ते उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावलं.

"शेट, कमलाकर बोलतोय. तब्येत बरी हाय. मी काट्यावर येत नाय आता." पलीकडचं त्यांनी ऐकून घेतलं. "हां, तिनं सांगितलं आसंल. आता मी सांगतोय."